सुलूचा काटा

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर तुम्ही मला भिंतीवरचं घड्याळ समजाल. गोल पांढरा चेहरा, कडेने आकडे, मधोमध एक काळा काटा. फक्त माझ्या डोक्यावर टांगायची कडी आहे आणि हनुवटीखाली एक हूक आहे. त्या हुकाला कापडाची झोळी अडकवतात, झोळीत लहान मूल बसवतात. माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि काटा फिरून त्या मुलाचं वजन सांगतो. मी झोळीचा वजनकाटा आहे. आता खूप जुना झालो आहे. काचेला एका बाजूने तडा गेला आहे आणि पाठीवर गंजाचे डाग पडले आहेत.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथला शेवटचा कामगार माझ्या हुकाला लोखंडी वजनं लावून पाहत असे. वजन काढलं की काटा शून्यावर येतो ना, एवढंच त्याला बघायचं असे. मी शून्यावर आलो, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात ठेवलं. ते खोकं उघडलं तेव्हा मी मनोरजवळ होतो.

मनोरहून पालघरकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत एक आरोग्यशाळा आहे. डॉक्टर आत्माराम राऊत यांनी ती काढली. सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. या शाळेत इंजेक्शन द्यायला शिकवत नाहीत. गावात साथ आली तर ती कुठल्या विहिरीतून आली ते कसं शोधायचं, कारखान्याशेजारच्या वस्तीला खोकला का लागतो, पाड्यावरची पोरं कशामुळे वाळतात, हे इथे शिकवतात. सरांनी मला ओसरीच्या तुळईला टांगलं आणि ते मुलांना म्हणाले, "हा आता आपल्यातलाच एक. याला एकट्याला कुठे पाठवायचं नाही."

तेव्हा शाळेत मोजकीच मुलंमुली होती आणि सगळी एका कुटुंबासारखी राहत. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असत. रूपेशची पाळी असली की भात करपायचा, हे ठरलेलं. नीलेश बोईसरचा. त्याचे वडील रंगाच्या कारखान्यात कामाला होते आणि ते भेटायला आले की त्यांच्या खोकल्यावरूनच आम्हाला कळायचं. स्वाती पालघरची, बडबडी. आणि हेमांगी चिंचणीची. तिच्या घरची चिकूची वाडी होती. दर पंधरवड्याला तिच्या घरून चिकूची पाटी यायची, कुणाच्या घरून सुके बोंबील यायचे. बोंबील भाजायला लागले की अर्धी शाळा नाक दाबून बाहेर पळायची आणि अर्धी ताट घेऊन आत यायची.

माझी जास्त काळजी कुणी घेतली असेल तर ती हेमांगीने. पाड्यावर जायचं असलं की ती मला पंच्यात गुंडाळून पिशवीत घालायची आणि ती पिशवी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्यायची नाही. पुढे सुका चालायचा. सुका हा डोंगराकडच्या एका पाड्यावरचा शेतकरी. पावसावर पिकणारा जमिनीचा एक तुकडा, आणि उरलेल्या वेळात शाळेच्या मुलांना वाट दाखवणं, असा त्याचा दिनक्रम होता. त्याच्यामागे हेमांगी आणि तिच्या पाठीवर मी. आंब्याची किंवा मोहाची फांदी सापडली की तिथे मला टांगायचे. पाड्यावरच्या बाया पोरं घेऊन जमायच्या. बहुतेक पोरं झोळीत बसवलं की भोकाड पसरायची. मला ते आवडायचं. रडणाऱ्या पोराच्या अंगात जीव असतो.

सुलू रडली नाही.

दिवाळी सरली होती, भात झोडून झालं होतं. पाड्याच्या टोकाला एक घर होतं, कुडाचं, शेणाने लिंपलेलं. हेमांगीने मला त्याच्या दारातच, पुढच्या मेढीच्या, म्हणजे खांबाच्या, आडव्या लाकडाला टांगलं. पारू नावाची तरुण बाई तिच्या मुलीला घेऊन पुढे आली. मुलीचं डोकं मोठं, हातपाय काटकुळे.

"वय काय हिचं?" हेमांगीने विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या," पारू म्हणाली. "चालंल, चालंल म्हणतो आमी. अजून बसतेच."

सुलूला झोळीत घातलं. माझा काटा थोडा सरकला आणि थांबला. दोन दिवाळ्या पाहिलेल्या मुलीला तो जिथे थांबायला हवा होता, त्याच्या निम्म्यावरच तो उभा होता. सुलूने आवाज केला नाही. तिने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. एवढ्या मोठ्या डोळ्यांनी मला आजवर कुणी पाहिलेलं नाही.

हेमांगी पारूजवळ बसली. "पारूताई, हिला मनोरला दवाखान्यात भरती करायला लागेल. तिथे तिला खायला घालतात, औषध देतात. आईचीही जेवणाची सोय असते. मी स्वतः बरोबर येते."

पारूने एकदा मागे घरात पाहिलं. मग म्हणाली, "परवा येते."

"नक्की?"

"येते ना. मनोरच्या स्टँडवर."

ठरलेल्या दिवशी हेमांगी मला मांडीवर घेऊन मनोरच्या स्टँडवर बसली. एसट्या आल्या, टमटम आल्या, माणसं उतरली, माणसं चढली. पारू आली नाही. दुसऱ्या दिवशी हेमांगी सुकाला घेऊन पाड्यावर गेली. पारूच्या घराचं दार सुंभाने बांधलेलं होतं. अंगणात चुलीची राख गार पडली होती.

"मुकादमाचा टेम्पो आलता काल सकाळी," शेजारच्या घरी विचारून येऊन सुका म्हणाला. "वीटभट्टीवर गेली सगळी. पावसाला परत येतील."

"कुठल्या भट्टीवर?"

"ते काय कुणी सांगत नाय. वैतरणाकडं, म्हणत व्हते."

त्या हिवाळ्यात हेमांगीने वैतरणाच्या खाडीकाठच्या भट्ट्या पालथ्या घातल्या. सुट्टी आली की नीलेशच्या मोटारसायकलवर मागे ती आणि तिच्या कुशीत मी. कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा, धूर, आणि विटा रचून वर प्लास्टिक टाकलेली खोपटी. प्रत्येक खोपट्यासमोर उभी राहून ती एकच विचारायची, "पारू आहे का इथे? तिची मुलगी सुलू?" एका भट्टीवरचा हिशेब बघणारा माणूस हसून म्हणाला, "पारू तो हर भट्टी पे है, मॅडम. कौनसी चाहिए?"

पार खाडीच्या तोंडाशी असलेल्या शेवटच्या भट्टीवर एक म्हातारी गारा तुडवत होती. ती थांबली. म्हणाली, "डोंगराकडची माणसं व्हती. त्यांचं पोर गेलं इथं. लहान व्हतं. मंग ती निघून गेली."

"कुणाचं पोर? नाव काय होतं?"

"नाव कुणाला म्हाईत, बाई."

हेमांगीने पुढे काही विचारलं नाही. ती मोटारसायकलवर बसली. परतीच्या वाटेवर तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या स्प्रिंगला तिच्या छातीची धडधड जाणवत होती. पावसाळा आला. पाड्यावरची सगळी घरं भरली, पारूचं घर मात्र रिकामंच राहिलं आणि आषाढात बसलं. त्यानंतर हेमांगीच्या तोंडून सुलूचं नाव मी ऐकलं नाही. शाळा संपवून जाताना तिने मला पुसलं, तुळईला टांगलं आणि माझ्याकडे न बघता ती पायऱ्या उतरली.

मुलं पांगली. पण दर वर्षी जानेवारीत, शाळेच्या वाढदिवसाला, जुनी मुलं परत येत आणि ओसरीवर बसून आपापली हकिकत सांगत. नीलेश बोईसरच्या कारखान्यांमधून कामगारांची फुफ्फुसं तपासायचं काम करू लागला. स्वाती दिल्लीला गेली. साथ आली की तिला विमानाने धाडतात, असं ती ऐटीत सांगायची. रूपेश विमा विकू लागला आणि सरांसमोर ते सांगताना दर वर्षी लाजायचा. हेमांगी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत लागली. देशभरच्या मुलांची वजनं तिच्या संगणकात येत. तिने काढलेले निष्कर्ष मोठमोठ्या बैठकांत वाचले जात, तिला बक्षीसही मिळालं. सरांना तिचा फार अभिमान. पण स्वातीने एकदा हळूच नीलेशला सांगितलं, ते मी ऐकलं. हेमांगीच्या ऑफिसातला पंखा कुरकुरायचा. तिने तो काढून टाकायला लावला होता. म्हणाली, त्यातून कडीचा आवाज येतो.

या मेळाव्याची एक रीत पडली होती. जुन्या विद्यार्थ्यांना मूल झालं की त्याला पहिल्या वर्षी माझ्या झोळीत बसवायचं. सगळे भोवती कोंडाळं करत, वजन मोठ्याने वाचत, टाळ्या वाजवत, आणि त्या बाळाच्या नावाने त्या दिवशी गोडाचं जेवण होई. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे दिवस. नीलेशची मुलं बसली, स्वातीचा मुलगा बसला. मग एका वर्षी हेमांगी तिच्या रुचिताला घेऊन आली. गुटगुटीत पोर, हातात खुळखुळा. रूपेशने तिला हेमांगीच्या हातातून अलगद उचललं आणि तो माझ्याकडे निघाला.

"रूपेश, नको," हेमांगी म्हणाली.

"अगं, सगळ्यांची बसली. हिला काय सोनं लागलंय?"

"तिला माझ्याकडे दे."

"दोन मिनिटं गं..."

"दे म्हटलं ना."

ती ओरडली नव्हती. तरी ओसरीवरचं सगळं बोलणं थांबलं. रुचिता दचकून रडायला लागली. सर खुर्चीतून म्हणाले, "राहू दे रे, रूपेश." हेमांगी न जेवता गेली आणि मग बरीच वर्षं ती मेळाव्याला आलीच नाही.

मित्रांनो, गोष्टी कशा पसरतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी नव्या मुलांनी काहीतरी पाहिलं होतं. कुणीतरी कुणाला विचारलं, कुणीतरी अर्धवट सांगितलं. सुलू हे नाव बाहेर पडलं. बॅटरीवर चालणारे नवे काटे आले, माझं काम संपलं, पण मला तुळईवरून उतरवायचं कुणाला सुचलं नाही. दुपारच्या वाऱ्याने माझी कडी वाजायची, रिकामी झोळी हलायची. वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, "सुलू आली." मग त्या ओसरीच्या माझ्या बाजूने जाईनाशा झाल्या. पुढे कुणीतरी माझ्याखाली एक बिस्किट ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. मुंग्यांनी नेलं असेल, पण तेव्हापासून रोज कुणीतरी ठेवू लागलं. मला आता सगळे 'सुलूचा काटा' म्हणत.

ते भूत माझ्यात नव्हतं, एवढं मी सांगू शकतो. पण खोटं कशाला बोलू? एका उन्हाळ्यात, झाडाचं पान हलत नसताना, माझा काटा थरथरला आणि शून्याच्या जरासा पुढे जाऊन थांबला. जणू कुणीतरी अगदी हलकं झोळीत येऊन बसलं होतं. डोंगराकडच्या खाणीत सुरुंग लावला असेल. मी स्वतःला तेच सांगितलं.

मागच्या वर्षी सर आजारी पडले. त्यांना भेटायला म्हणून हेमांगी आली. बरोबर रुचिता, आता चांगली शाळकरी मुलगी झालेली. आई सरांच्या खोलीत होती तेवढ्यात रुचिताची दीपाशी गट्टी जमली. दीपा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, मोखाड्याकडची. थोड्या वेळाने रुचिता धावत आईकडे गेली आणि तिने विचारलं, "आई, सुलू कोण? दीपाताई म्हणते, ती या काट्यात मेली."

हेमांगी ओसरीवर आली. माझ्याखाली ठेवलेलं बिस्किट तिने पाहिलं. दीपा भिंतीला टेकून उभी होती.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात, मॅडम. वजन करता करताच गेली, म्हणतात."

"कुठल्या पाड्यावरची होती? आईचं नाव काय तिच्या?"

 हेमांगी पायरीवर बसली. नीलेश सरांसाठी औषध घेऊन आला होता, तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "नीलेश, ही पोरं म्हणतात ती मेली. पण मी तरी कुठे पाहिलं? मीही कुणाचं तरी ऐकूनच तिला मारून टाकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुकाच्या पाड्यावर गेली. जाताना तिने मला तुळईवरून उतरवून पिशवीत घातलं. का, ते तिलाही ठाऊक नसावं. सुका म्हातारा झाला होता, अंगणात उन्हाला बसला होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पारूचा भाऊ महादू भेटला व्हता, मागल्या लग्नसराईत. पारू बोईसरला ऱ्हाते म्हणला."

"आणि सुलू?"

"ते मी इचारलं नाय."

"का नाही विचारलं, सुकादादा?"

"काय सांगंल, त्याचं भ्या वाटलं," सुका म्हणाला.

महादूला फोन लावल्यावर पत्ता मिळाला. बोईसरच्या कारखान्यांमागे चाळींची रांग आहे. गटारातून कधी निळं पाणी वाहतं, कधी तांबडं. नीलेशने गाडी लांबच उभी केली. नळावर भांडी घासणाऱ्या एका बाईने सांगितलं, "पारू आंटी? वो आखिरी दरवाजा."

पारू दारातच तांदूळ निवडत होती. केस पिकले होते. तिने हेमांगीला ओळखलं नाही. नीलेशने पिशवीतून मला बाहेर काढलं. पारूने सूप खाली ठेवलं.

"हा काटा आमच्या दारात आलता," ती म्हणाली. मग तिने हेमांगीकडे नीट पाहिलं. "तू ती मनोरची बाई. ये, बस."

हेमांगी आत गेली, बसली, पण तिला विचारायचं होतं ते विचारता येईना. पारू मागे वळून म्हणाली, "सुलू, पानी दे गं."

पडद्यामागून एक मुलगी आली. कंपनीचा निळा कोट, एका खांद्यावर अर्धी वेणी. उंची जेमतेम, ओट्यावरचा तांब्या घ्यायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. डोळे मात्र तेच. मी ते कसे विसरेन? तिने पाण्याचा पेला हेमांगीच्या हातात दिला. 

"कोण गं आई या?"

"तू लहान व्हती तवा तुला जोखली यांनी."

सुलूने माझ्याकडे एकदा पाहिलं, फारसं काही वाटल्यासारखं तिला दिसलं नाही. "मला शिफ्टला उशीर होतोय," ती म्हणाली आणि वेणी पुरी करत निघून गेली. हेमांगी उघड्या दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. मग ती रडली. रडतच तिने पारूला सगळं सांगितलं: भट्ट्या, म्हातारी, ते गेलेलं पोर, इतकी वर्षं.

पारू ऐकत होती. जवळच्या कारखान्यातलं यंत्र घरघरत होतं. ते थांबल्यावर ती बोलली.

"म्हातारीनं खोटं नाय सांगितलं. पोर गेलं. ते हिच्या मागचं. बुध्या."

"मागचं?"

"तुमी काटा टांगला, तवा तो आत झोळीत निजला व्हता. महिन्याचा पण नव्हता. नवं पोर परक्या माणसाला दाखवत नाय आमच्यात. तू हिचं इचारलं, मी हिचं सांगितलं. दवाखान्यात यायचं तर त्याला घेऊन यावं लागलं असतं. रातभर इचार केला. सकाळी टेम्पो आला, नवरा म्हणला चल, गेलो."

हेमांगीने हातातला पेला खाली ठेवला.

"भट्टीवर थंडी. धूर. त्याची छाती वाजाया लागली. तिथंच खाडीच्या कडंला पुरला." पारूने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळाला हात लावला नाही. "मंग मला दूध व्हतं ना. पिणारा नव्हता. ते हिला पाजलं. हिचं कधीच सुटलं व्हतं, परत प्याया लागली. तशी जगली ही. त्याच्या वाटणीचं पिऊन."

मित्रांनो, त्या दिवशी मी त्या दारात टांगलेलो होतो. माझ्या पाठीला कुडाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे तो निजलेला होता. शाळेत ज्या मुलीच्या नावाने पोरी दचकत, ती इथे रोज वेणी घालून कामावर जात होती. जो खरोखर गेला होता, त्याच्या नावाने कुणी दचकलंही नव्हतं आणि कुणी बिस्किटही ठेवलं नव्हतं.

निघताना पारूने विचारलं, "शाळेत काय म्हणतात माझ्या पोरीला?" हेमांगीने खरं ते सांगितलं. पारू हसली नाही. "जित्या पोरीचं भूत करू नका," ती म्हणाली. "सांग त्यांना."

सांगायला सुलूच आली, तिच्या सुट्टीच्या दिवशी, पारूबरोबर. मी पुन्हा तुळईला होतो. ओसरीवर मुली ओळीने उभ्या होत्या. सुलू माझ्याखाली येऊन उभी राहिली, तिने रिकाम्या झोळीला बोट लावून पाहिलं. दीपाचे डोळे भरून आले. "आम्हाला माफ कर," ती म्हणाली.

"मला भूक लागलीये," सुलू म्हणाली. "काय केलंय आज?"

ती मुलींबरोबर स्वयंपाकघरात बसून जेवली आणि संध्याकाळच्या गाडीने बोईसरला गेली. त्यानंतर माझ्याखाली कुणी बिस्किट ठेवलं नाही. मुली बिनधास्त ये-जा करू लागल्या. पण दुपारी कडी वाजली की हेमांगी अजूनही हातातलं काम थांबवते. मीही थांबतो. सुलू नाही, मग कोण असेल, हे आता आम्हा दोघांनाही माहीत आहे.

हेमांगी पुण्याला परत गेली ती सामान आणायला. आता ती याच शाळेत शिकवते. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या तशी ती दर आठवड्याला पोरांना घेऊन वैतरणाच्या बाजूला जाऊ लागली. जुनी मुलंही येतात. नीलेश येतो. स्वाती दिल्लीहून फोनवर सूचना देऊन सगळ्यांना भंडावते. विमा विकणारा रूपेश आपली गाडी घेऊन येतो आणि आता सरांसमोर लाजत नाही. बॅटरीच्या काट्यांत भट्टीची धूळ जाते आणि ते बंद पडतात, म्हणून मला घेऊन जातात. आणि सुट्टी काढता आली की पारू येते.

पहिल्याच फेरीत आम्ही खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या भट्टीवर गेलो. बाभळीच्या फांदीला मला टांगलं. एक बाई दोन पोरं घेऊन आली. दोघं झोळीत बसून रडली, दोघांचीही वजनं बरी निघाली. दीपाने तिला जायला सांगितलं.

पारू बाजूला उभी होती. तिने विचारलं, "आत अजून कोण हाय?"

"कुणी नाय," बाई म्हणाली.

पारू तिच्याजवळ जमिनीवर बसली. घाई केली नाही. खाडीकडे हात करून ती म्हणाली, "माझा बुध्या तिथं हाय. त्या खाजणीच्या कडंला. मी पण कुणी नाय म्हणलं व्हतं."

बाई काही वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग उठून खोपट्यात गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक बाळ घेऊन आली. हेमांगीने हात पुढे केले. सुलूनंतर इतक्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणाचं मूल उचलताना मी पाहिलं नव्हतं. तिने ते बाळ झोळीत ठेवलं आणि झोळीखाली आपला हात तसाच धरून ठेवला. माझा काटा अगदी थोडा हलला. बाळाचा श्वास घुरघुरत होता, तो मला स्प्रिंगमधून जाणवत होता.

रूपेशच्या गाडीतून ती आई तिन्ही पोरांना घेऊन दवाखान्यात गेली. बाळ तिथे बरेच दिवस होतं. मग ते परत भट्टीवर आलं आणि हेमांगीने त्याला झोळीत घातलं, तेव्हा त्याने भोकाड पसरलं. भट्टीवरच्या बाया हसल्या. पारू तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिली.

मित्रांनो, मला नवी काच नको, रंगही नको. अजून माझी स्प्रिंग खरं सांगते, तेवढं पुरे. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. मला घेऊन कुणाच्याही दारात गेलात, तर पुढे आणून बसवलेल्या मुलाचं वजन करून लगेच निघू नका. आत अजून कोण आहे, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दारात थांबा.